बर्फाच्या कारखान्याचं ड्रॉइंग

“आधी सगळ्यांना झोपव, मग काढ,” असं काका पहिल्याच दिवशी म्हणाले, तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय.

२०१४ साली मी तलासरीच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. तिथे कारखान्यांसाठी विजेची पॅनेलं बनवायचे. माझा डिप्लोमा झाला होता, कॉम्प्युटरवर रेघा सफाईने मारता येत होत्या, पण त्या रेघा काय सांगतात ते निम्मं कळत नव्हतं. वर्कशॉपमध्ये सगळे ज्यांना काका म्हणायचे, त्यांचं म्हणणं साधं होतं. ड्रॉइंग काढताना वीज गेलेली आहे असं धरायचं. मोटर बंद, दिवे बंद, एकही बटण दाबलेलं नाही. मग कोण कोणाला उठवतं ते बघत पुढे जायचं.

मी मसोलीला राहायचे. डहाणू रोडहून खच्चून भरलेली जीप पकडून तलासरीला पोचेपर्यंत मलाच झोप आलेली असायची. काका तिथल्याच एका पाड्यावरचे. सायकलने माझ्याआधी हजर. साठीला टेकलेले, सगळं आयुष्य वायरमन म्हणून गेलेलं, आणि कायम दमलेले. स्टुलावर बसताना “चला” म्हणायचे आणि उठतानाही “चला”. दिवसभरात ते नक्की कुठे निघाले होते, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

ड्रॉइंगमध्ये रिलेची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचची, कॉइल एका पानावर असते आणि तिचे कॉन्टॅक्ट भलत्याच पानांवर. मी फार गोंधळायचे. काकांनी जेवता जेवता सांगितलं, की कॉइल म्हणजे मालकाचं घर आणि कॉन्टॅक्ट म्हणजे त्याची दुकानं. घर मसोलीत असेल, दुकानं स्टेशनाजवळ असतील, पण मालक उठला की सगळ्या दुकानांत हालचाल होणार. काही उघडतील, काही बंद होतील. कॉलेजच्या तीन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते चपातीच्या दोन घासांत शिरलं.

सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे जुन्या पॅनेलचं ड्रॉइंग नव्याने काढणं. मूळ कागद हरवलेला असतो, म्हणून एकेक वायर धरून ती कुठून कुठे जाते ते बघत कागदावर उतरवायचं. तिसाव्या वायरीपर्यंत माझी मान मोडायची. मग बाकीचं मी अंदाजाने काढून टाकायचे, कारण अशी पॅनेलं बहुतेक सारखीच असतात. काका कागद बघायचे आणि नेमक्या त्याच जागी थांबायचे. “हे तू बघितलंस, की तुला वाटलं?” मी म्हणायचे, वाटलं. ते चिडायचे नाहीत. नुसती बॅटरी माझ्या हातात द्यायचे. “आहे ते काढ.”

२०१६ मध्ये धाकटी डहाणूच्या एका बर्फाच्या कारखान्याचं काम आलं. तपासणीसाठी त्यांना ड्रॉइंग हवं होतं. बर्फाच्या लाद्या फोडायच्या मशीनवर एक लाल बटण होतं, माणूस अडकला तर मशीन ताबडतोब थांबवायचं. मी ते ड्रॉइंगमध्ये जिथे असायला हवं तिथे व्यवस्थित काढलं. काकांनी बटणामागचं झाकण उघडलं. आत दोन्ही वायरी एकत्र पिळून वर टेप गुंडाळलेली होती. म्हणजे बटण दाबा नाहीतर न दाबा, मशीन चालूच राहणार. तिथला मॅनेजर म्हणाला, खाऱ्या हवेने बटण सडलं, मशीन आपोआप बंद पडायचं, मच्छीमारांच्या होड्या बर्फासाठी खोळंबायच्या, मग काय करणार.

काकांनी मला ती पिळलेली जोडणी लाल शाईत काढायला लावली. आमच्या वर्कशॉपच्या शेठनी कागद बघितला आणि कपाळाला हात लावला. असलं ड्रॉइंग तपासणीत कोण दाखवेल? साफ ड्रॉइंग काढ, बटण मागाहून बदलतील, असं त्यांनी मला सांगितलं. ‘तपासले’ या चौकोनात नेहमी काकांची सही असायची. काकांनी ती केली नाही. मग शेठनी पेन माझ्यापुढे धरलं. मला कायम करायचं की नाही हे त्याच महिन्यात ठरणार होतं.

मी सही केली.

काका तिथेच उभे होते. “ते दाबलं तर मशीन थांबणार नाही. माहीत आहे ना, पोरी?”

मी म्हणाले, “माहीत आहे.”

ते “चला” म्हणाले आणि आपल्या कामाला गेले. मी कायम झाले. त्यानंतरच्या एका मंगळवारी काकांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा सुट्टी घेतली, दाढ दुखते म्हणून. बुधवारी त्यांचा गाल सुजलेला नाही म्हणून आम्ही त्यांची भरपूर टर उडवली. ते हसले. वर्षभराने गुडघ्यांनी त्यांना काम सोडायला लावलं.

२०१९ मध्ये मी पुन्हा त्या कारखान्यात गेले. सगळ्यात आधी लाल बटणामागचं झाकण उघडलं. आत नवं बटण होतं, वायरी सुट्या होत्या आणि त्यांच्यावर माझ्याच ड्रॉइंगमधले नंबर घातलेले होते. बर्फ फोडणारा किसन शेजारी उभा होता. त्याला विचारलं, हे कोणी केलं?

“तुमच्याकडचा म्हातारा आलेला ना, एका मंगळवारी. बटण पण स्वतःच घेऊन आलेला. मला दहा वेळा दाबायला लावलं त्याने. बोलला, कागद पोरीने आधीच करून टाकलाय, आता मशीन कागदासारखं करायचं बाकी आहे.”

मग त्याने उजवा हात माझ्यासमोर धरला. मनगटाच्या वर एक जुना व्रण होता. गेल्या पावसाळ्याआधी बाही अडकली होती, म्हणाला. डाव्या हाताने बटण दाबलं आणि मशीन जागच्या जागी थांबलं.

काका वारले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. त्या मंगळवारनंतर वर्षभर ते रोज माझ्यासमोर बसून डबा खात होते, आणि मी त्यांच्या दाढेची चौकशी करत होते. एकदा तरी बोलायचं होतं, काका. मी निदान माफी मागितली असती.