आईची उघड्या डोळ्याची प्रार्थना

आई कुणाशी भांडायची नाही. ती प्रार्थना करायची. ज्याच्यावर राग असेल त्याला समोर बसवायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच्याबद्दल जे काही म्हणायचंय ते मोठ्यानं परमेश्वराला सांगायचं. प्रार्थना चालू असताना कुणाला मध्ये बोलता येत नाही, खुलासा करता येत नाही, उठून जाता येत नाही. आणि शेवटी ज्याची खरडपट्टी निघाली त्यालाच 'आमेन' म्हणावं लागतं, म्हणजे आरोप मान्य. मी आजवर पुष्कळ मोर्चे पाहिले. समोरच्याकडून आरोपपत्रावर सही घेण्याची इतकी पक्की सोय एकाही संघटनेकडे पाहिली नाही.

तिची सुरुवात छापील भाषेत व्हायची. 'हे कृपाळू स्वर्गीय पित्या, आजच्या अन्नाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो.' इथवर चर्चच्या पाळकसाहेबांची भाषा. मुद्दा जवळ आला की तिची नरखेडकडची माहेरची बोली बाहेर यायची. 'अन् प्रभू, गाडीच्या डिक्कीत फडक्याखाली जी तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी लपवून ठेवली आहे, तिच्यापासून एस्तूच्या बाबाले वाचव. डॉक्टरचं ते ऐकून नाही राहिले, तुझं तरी ऐकतीन.' एस्तू म्हणजे मी. बाबांनी आमेन म्हटलं, जेवले, आणि मुकाट्यानं डिक्की उघडायला गेले. परत येऊन विचारलं, "तुले कसं समजलं वं?"

"मले काय समजते?" आई ताटं उचलत म्हणाली. "मी तं त्याच्याशी बोलून राहिली होती."

तिचे दोन्ही डोळे कधीच पूर्ण मिटलेले नसायचे. डावा किंचित किलकिला असायचा. त्यातून तिला गॅसवरचं दूध दिसायचं, दारातलं मांजर दिसायचं, आणि ऐकणाऱ्याचा चेहराही. लहानपणी मी हे पकडलं आणि मोठ्या विजयानं ओरडले, "आई, तू डोळे मिटत नाहीस!"

"मिटला आहे न एक. तो प्रभूसाठी. दुसरा दुधासाठी."

आमच्या चर्चमध्ये बायकांना काय काम असतं, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वेदीवरच्या पडद्याचं कापड गांधीबागेच्या कापडबाजारात जाऊन घासाघीस करून आणायचं. तो पडदा शिवायचा. नाताळाचा फराळ करायचा, मयताच्या घरी चहा पोचवायचा, आजाऱ्याजवळ बसायचं, कप धुवायचे. पुरुषांना एकच काम असतं, कमिटीत बसायचं. वार्षिक सभेत बायकांनी बोलू नये असा नियम आमच्याकडे कुठेही नाही. आमची मंडळी फार सुधारलेली आहे. बायकांची पाळी आली की वेळ संपलेली असते, एवढंच. मात्र प्रार्थना करायला त्यांना कुणाची ना नव्हती. प्रार्थनेनं काय बिघडतं, असं कमिटीला वाटायचं. हा समज त्यांना पुढे महागात पडला.

हंगामाच्या उपासनेला लोक आपल्या शेतातलं, परसातलं काही ना काही वेदीपाशी आणून ठेवतात. आईकडे शेत नव्हतं. मामा संत्री पाठवायचा, ती आई टोपलीत रचायची. एका वर्षी संत्री आली नाहीत, तेव्हा तिनं वाळलेल्या भिवापुरी मिरच्यांची भलीमोठी माळ नेली आणि प्रवचनाच्या जागेमागे, पंख्याखाली टांगली. लालभडक, फार सुंदर दिसत होती. पाळकसाहेब सत्पुरुष होते, पण एकदा सुरू झाले की बायकांची घरची भाजी करपेपर्यंत थांबत नसत. त्या दिवशी पहिल्या मुद्द्यालाच शिंकू लागले आणि दुसऱ्यावर आशीर्वाद देऊन मोकळे झाले. घरी येताना मी आईकडे पाहिलं.

"माह्याकडे काय पाहतेस? प्रभूची इच्छा."

मी नोकरी सोडून वस्त्यांतल्या संघटनेचं काम सुरू केलं, चर्चला जाणं बंद केलं, तेव्हा माझ्यावरही खटला चालला. भगिनी मंडळ आमच्याच घरी जमलं होतं. 'ही माही लेक तुले मानत नाही म्हणते, प्रभू. तू मनावर घेऊ नको. हिच्या डोक्यातली आग विझवू नको, फक्त डोक्याले तेल लावायची बुद्धी दे.' मी आमेन म्हटलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. आईही पुढे सरकेना. सगळ्या भगिनी मान खाली घालून बसलेल्या, पातेल्यातला चहा निवत चाललेला. शेवटी एका म्हातारीनं वैतागून माझ्या वतीनं आमेन म्हणून टाकलं. त्या रात्री मी तेल लावलं. केस कोरडे पडले होते, म्हणून.

आता मार्थाबाई. तिचा नवरा चर्चची घंटा वाजवायचा, झाडझूड करायचा. तो गेल्यावर ते काम तिच्याकडे आलं. चर्चच्या आवारात, फाटकालगतच्या एका खोलीत ती राहायची. खोलीला पत्रे, मागे कडुनिंब. तिला मूलबाळ नाही, दुसरं घर नाही. आणि नागपुरात मोकळी जमीन दिसली की कुणाला तरी तिथे लग्नाचं लॉन दिसतंच. आमच्या कमिटीलाही दिसलं. आवार लग्नांसाठी भाड्यानं द्यायचं ठरत आलं. मोठी कमान उभारायची तर नेमकी मार्थाबाईची खोली मध्ये येत होती. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "तिची काही तरी व्यवस्था करू." ही 'काही तरी व्यवस्था' म्हणजे काय, हे मी वस्त्या उठताना डोळ्यांनी पाहिलेलं आहे. माणूस फुटपाथवर येतो आणि व्यवस्था फायलीत राहते.

मी पत्रक काढलं. मथळा होता, 'घंटा वाजवणारीला बेघर करणार?' भाषा जळजळीत होती. सभा मे महिन्यात, उपासनेनंतर चर्चमध्येच होती. मी फाटकात उभी राहून प्रत्येकाच्या हातात पत्रक दिलं. लोकांनी आनंदानं घेतलं. आत जाऊन पाहते तर वीज गेलेली, पंखे बंद, आणि अख्खी मंडळी माझ्या संतापानं वारा घेत होती. सेक्रेटरी साहेबांच्याही हातात होतं. कागद जाड निवडल्याबद्दल त्यांनी कौतुक केलं.

मग ते आईकडे वळले. "वहिनी, सुरुवातीची प्रार्थना आज तुम्ही करा. छोटीशी. बायकांचाही सहभाग दिसला पाहिजे."

माझं डोकं फिरलं. मी तिला बाजूला ओढलं. "आई, ते तुला शोभेसाठी उभं करून राहिले. बाईमाणसानं प्रार्थना केली, आता मार्थाबाईला काढायला मोकळे. नाही म्हण."

"प्रार्थनेले कोणी नाही म्हणते का वं?" ती म्हणाली आणि पदर डोक्यावर घेत पुढे गेली.

तिनं छापील भाषेत सुरुवात केली. सभेबद्दल आभार, पाळकसाहेबांबद्दल आभार, उन्हातही लोक आले त्याबद्दल आभार. मी मागे उभी राहून दातओठ खात होते. मग तिची बोली बदलली. 'अन् प्रभू, या मार्थाबाईसाठी तुझे आभार. अंगात ताप असला तरी हिनं घंटा चुकू नाही दिली. आपल्या सेक्रेटरी साहेबांच्या आईचं शेवटचं दुखणं तुले माहीतच आहे. घरच्याहिले कामं होती, तेव्हा त्या माउलीची कूस कोण बदलत होतं, तेही तू पाहिलं आहे. अन् साहेबांनी ते इसरलं नाही, याबद्दल तुझे फार आभार. मार्थाबाई जगेपर्यंत खोली तिचीच राहीन, असं जे तू साहेबांच्या अन् कमिटीच्या मनात घातलं, त्याबद्दल आम्ही सगळे तुझे उपकार मानतो. आमेन.'

"आमेन!" सगळं चर्च म्हणालं. सेक्रेटरी साहेबांनीही म्हटलं. जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं.

त्यांनी घसा साफ केला, कागद चाळले आणि पहिला विषय वाचायला घेतला, आवारातील खोली रिकामी करण्याबाबत. मागच्या बाकावरून एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "काहून गा साहेब, आत्ताच तं आमेन म्हटलं न तुम्ही?" पत्रकं हलायची थांबली. बायकांच्या बाजूनं कुणी तरी फसकन हसलं. विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला. तहकूब हा शब्द मला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा गोड वाटला.

तरी मी घरी आल्यावर भांडलेच. "आभार काय मानतेस त्यांचे? तो तिचा हक्क आहे. हक्क मागायचा असतो!"

"मागतलं की नाही म्हणता येते," आई कणीक मळत म्हणाली. "आभार मानल्यावर कसं नाही म्हणतीन?"

कमिटी मूर्ख नव्हती. त्यानंतर सभेची प्रार्थना फक्त पाळकसाहेबच करतील असं ठरलं, शिस्तीसाठी. आईला हे कळलं तेव्हा तिनं त्या शिस्तीबद्दलही आभार मानले. सेक्रेटरी साहेबांच्याच घरी, त्यांच्या नातवाच्या वाढदिवसाला. केक कापायच्या आधी मार्थाबाईच्या खोलीचे पत्रे गळतात हेही परमेश्वराच्या कानावर घातलं. पावसाआधी पत्रे बदलले गेले.

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. डॉक्टर रोज यायचे, फाइल पाहायचे, 'सुधारणा आहे' म्हणायचे आणि जायचे. एके दिवशी तिनं त्यांचा हात धरून ठेवला आणि एक डोळा मिटला. 'प्रभू, हा डॉक्टर चांगला पोरगा आहे. याले खरं सांगाची हिंमत दे.' डॉक्टर बिचारा आमेन म्हणाला, खुर्ची ओढून बसला आणि आम्हाला सगळं खरं सांगितलं. आई शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर बाबांना म्हणाली, "डिक्की पाहत जाईन मी वरून."

तिच्या स्मरणाच्या प्रार्थनेला घर भरलं होतं. मार्थाबाई आत आली नाही, दारात उंबऱ्याला टेकून बसली. अंगणात चपला काढता काढता सेक्रेटरी साहेब कमिटीतल्या एकाला म्हणत होते, "तो खोलीचा विषय आता पुढच्या सभेत घेऊन टाकू. आता काही अडचण नाही." आवाज हळू होता, पण इतकाही नाही. मी ऐकलं. मार्थाबाईनंही ऐकलं. तिनं लुगड्याचा पदर तोंडात धरला आणि आईच्या फोटोकडे पाहत राहिली.

आत भाषणं झाली. साहेबांनी आईला 'आमच्या मंडळीचं प्रार्थनेचं भांडार' म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडावंसं वाटलं, पत्रक मनात तयारही झालं, मथळ्यासकट. तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "शेवटची प्रार्थना मुलीनं करावी का?" आणि लगेच सावरून घेऊ लागले, कारण मी काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"करते," मी म्हटलं.

ओढणी डोक्यावर घेतली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी एक डोळा मिटला. दुसऱ्यातून सेक्रेटरी साहेब स्पष्ट दिसत होते, हात जोडलेले, चेहरा निवांत.

"हे प्रभू," मी म्हटलं. मला छापील भाषा येत नव्हती, म्हणून थेट मुद्द्यावर आले. "आत्ता अंगणात चपला काढताना साहेबांनी मार्थाबाईच्या खोलीविषयी जे बोलणं काढलं, त्याबद्दल तुझे आभार. आईच्या आठवणीसाठी ती खोली ते कायमची मार्थाबाईच्या नावानं सोडून देतायत..."

साहेबांचे डोळे उघडले. माझा एक तर उघडाच होता. पुढचं वाक्य मी जुळवत होते, एवढ्यात दारातून मार्थाबाईचा घंटेसारखा आवाज आला, "आमेन!" आणि पाठोपाठ सगळं घर म्हणालं.