धावत येऊन बसवलेला कठडा

…तर फावडं खांद्यावर टाकून सकाळी सकाळी पळणाऱ्या माणसाला पोलीस हटकणारच की! इथवर काल आलो होतो. पोलिसाने विचारलं, "कुणाच्या मागे लागलाय?" आमचा नळवाला धापा टाकत म्हणाला, "कुणाच्या नाही साहेब, समाजसेवेला चाललोय." पोलिसाने फावडं ठेवून घेतलं.

हे सगळं खटलं आमच्या सूनबाईचं. आठवडाभर इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसते आणि सुट्टीच्या दिवशी नळवाल्यासारख्यांची ही वरात घेऊन पळते. आमच्या इमारतीच्या जिन्यापाशी जमायचं, पळत कुठेतरी जायचं, तिथे कुणाचं अंगण साफ करायचं, वाचनालयाची भिंत रंगवायची आणि पळतच परत यायचं. कल्पना तिचीच. पण मंडळी अशी मिळाली, की अर्धा वेळ पाय ताणण्यात आणि उरलेला फोटो काढण्यात. त्यांचा म्होरक्या घड्याळ्या. मनगटावरचं यंत्र 'पाच किलोमीटर' म्हणेपर्यंत त्याच्या लेखी सेवा सुरूच होत नाही.

आणि ज्या जिन्यापाशी हे पाय ताणायचे, त्याचाच लोखंडी कठडा वरच्या टप्प्याला निखळून लोंबत होता. मालक "बघतो" म्हणून गेला, तो अजून बघतोच आहे. तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. गुडघे अधू, आधाराशिवाय उतरता येत नाही. कठडा निखळला तशा त्या घरातच अडकल्या. कापड टोपलीतून वर ओढायचं, मापं खिडकीतून ओरडून घ्यायची. माझा सदरा गुडघ्याखाली गेला तो त्यामुळेच. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली. "यंत्र गंजून जाईल गं माझं," असं काकू वरून म्हणाल्या, तेव्हा सूनबाईने घड्याळ्याला गाठलं.

"येत्या सुट्टीला हा कठडा."

"इथलाच, ताई?"

"मग काय परदेशातला?"

"पण धावायचं कुठे मग? आपला नियम आहे, काम पाच किलोमीटरवर पाहिजे."

मी बाकावरून म्हटलं, "काखेत कळसा नि गावाला वळसा!"

"बाबा, तुम्ही म्हणी नका काढू, पाना शोधून ठेवा," सूनबाई माझ्यावरच फणकारली.

हात वर करून मतं घेतली. काकू हरल्या. त्याऐवजी टेकडीपलीकडच्या बागेतला बाक रंगवायचा ठरला. तो मागच्या महिन्यात यांनीच रंगवला होता! सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या सुट्टीला मात्र तिचा आवाज साखरेसारखा. "आज बाक राहू दे. लांबचं काम मिळालंय. माझ्या मागे या, पत्ता विचारू नका." निघाली वरात. तळ्याला वळसा, गोदामांच्या मागून, पुलावरून, कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून. घड्याळ्याचं यंत्र टिंग वाजलं, तेव्हा मंडळी आमच्याच जिन्यापाशी! तिथे मी ड्रिल, बोल्ट नि पाने मांडून बसलेलो. नळवाला हसून हसून खाली बसला. घड्याळ्याकडे बोलायला श्वासच नव्हता, ते बरंच झालं. सूनबाईने त्याला वर नेऊन कठड्याचं टोक त्याच्या हातात दिलं. "धर. सोडलंस तर तुझ्याच पायावर पडेल."

नळवाल्याने भिंतीत भोकं पाडली, बोल्ट आवळले. मी खालून सूचना दिल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत.

काकूंनी आधी कठडा गदागदा हलवून पाहिला. मग एक पाय, थांबा, दुसरा पाय. खाली पोचल्या आणि पहिली नजर माझ्यावर. "अगंबाई, हा सदरा मी शिवला? काढा आधी, आखूड करून देते!"

एवढ्यात घड्याळ्याला श्वास सापडला. "ताई, ही शुद्ध फसवणूक आहे. एवढं पळून आपण निघालो तिथेच आलो!"

घाम पुसत सूनबाई म्हणाली, "आपण निघालो तेव्हा काकू वर होत्या, आता खाली आहेत. तेवढं अंतर मांड तुझ्या घड्याळात."