खाऊचा डबा आणि माझा तक्ता

मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायला लागले, त्याला आता तीन वर्षं होतील. दुसरीत असताना रोज सकाळी तिचं पोट दुखायचं आणि शाळेची रिक्षा निघून गेली की थांबायचं. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की ती खाली बघायची. जळगावातल्या आमच्या कॉलनीत या निर्णयाची चर्चा आमच्या घरी झाली त्याहून जास्त इतरांच्या घरी झाली. "नापास झाली का हो?" "काही आजार वगैरे?" पहिल्या वर्षी मी उत्तरं दिली, दुसऱ्या वर्षी चिडले आणि तिसऱ्या वर्षी तक्त्यांकडे वळले.

तक्ते करणं ही माझी जुनी खोड. घरात कशाचाही गोंधळ झाला की मी कार्डशीट आणि पट्टी घेऊन बसते. गेल्या वर्षी गणपती ते दिवाळी मी नुसती धावत होते. आरतीला हात जोडलेले आणि डोक्यात कुकरच्या शिट्ट्या. म्हणून यंदा ठरवलं की गुलाबाईचा महिना शांतपणे आणि मनापासून करायचा. धावपळ नाही, दिखावा नाही.

आमच्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेला गुलाबाई बसते आणि कोजागिरीला तिची बोळवण होते. पार्वती महिनाभर माहेरपणाला येते, अशी आमची श्रद्धा. मातीची गुलाबाई, शेजारी तिचे गुलोजी, म्हणजे शंकर. संध्याकाळी मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी प्रत्येक घरचा खाऊ ओळखतात. बंद डबा आधी गुलाबाईपुढे ठेवायचा, मग मुलींच्या कानाशी हलवायचा. गोड की तिखट, गोल की लांब, असं विचारत विचारत ओळखायचं. नाहीच जमलं तर "हरलो" म्हणायचं, मग झाकण निघतं.

मी महिन्याच्या चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत त्या दिवसाचं गाणं, पार्वतीची एक गोष्ट आणि त्या दिवसाचा खाऊ. खाऊपुढे कंसात त्यातून काय मिळतं तेही लिहिलं, म्हणजे विज्ञानही होऊन जाईल. राजगिरा लाडू, लोह. शेंगदाण्याची चिक्की, प्रथिनं. शनिवारी केळीचे वेफर, त्यापुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतंच "आवड". तक्ता बैठकीत गुलाबाईच्या शेजारी लावला. दिखावा करायचा नाही असं ठरवलं होतं खरं, पण मुलींना न्यायला येणाऱ्या आयांना तो दारातून नीट दिसावा, ही काळजी मी घेतली होती. आमच्या पोरीचं काही अडलेलं नाही हे त्यांना कळू दे, एवढंच मनात होतं.

माझी आई त्या महिन्यापुरती शिरपूरहून आली होती. तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. तिने चष्मा लावून तक्ता शेवटच्या चौकटीपर्यंत वाचला आणि काही न बोलता चष्मा काढून ठेवला. आई गप्प बसली की काहीतरी चुकलेलं असतं, हे मला जन्मापासून माहीत आहे. तरी मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी नऊ मुली आल्या. लेक इतकी खूश होती की गाण्यात तिचाच आवाज सगळ्यात वर. दुसऱ्या दिवशी सहा आल्या. चौथ्या दिवशी दोघी, त्याही एक गाणं म्हणून पळाल्या. पाचव्या दिवशी कोणीच नाही. समोरच्या घरातून गाणी ऐकू येत होती आणि ही डबा मांडीवर घेऊन दाराशी बसली होती.

"आई, मी शाळेत जात नाही म्हणून येत नाहीत का त्या?"

मी म्हणाले, "नाही गं, येतील उद्या." पण माझ्या मनातही तेच होतं. जेवताना हे म्हणाले, "पुढच्या वर्षी घालायची का परत शाळेत?" ते सहज बोलले, पण मी ताट बाजूला सरकवलं. मैत्रिणींवाचून पोर एकटी पडणार असेल, तर माझ्या शिकवण्याला काय अर्थ? त्या दिवशी मी आयांवर मनातल्या मनात भरपूर तोंडसुख घेतलं. त्यांनीच मुलींना अडवलं असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात त्या नऊ जणींपैकी एक भेटली. वेणीला लाल रिबन, हातात साबणाची वडी. मी गोड आवाज काढून विचारलं, "काय गं, आमच्याकडे येत नाहीस हल्ली?"

"येणार आहे ना काकू," ती म्हणाली. "शनिवारी. शनिवारी वेफर आहेत ना तुमच्याकडे? आम्ही सगळ्या शनिवारीच येणार आहोत."

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता आपल्या अहिराणीत म्हणाली, "तू ते बठ्ठं भितवर लिखी ठेवं. मंग पोरी येतीन कसाले?"

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू इचारं नही," आई म्हणाली.

मला आधी हसू आलं आणि मग फार लाज वाटली. ज्या खेळात सगळी गंमत न कळण्यात आहे, त्याची उत्तरं मी ठळक अक्षरांत भिंतीवर लावली होती, तीही पार्वतीच्या शेजारी. बिचारी महिनाभर माहेरी आली, तर तिलाही मी वेळापत्रक लावलं.

तक्ता लेकीनेच काढला. घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता खाऊ मी आणि आजी ठरवणार. तुला सांगणार नाही."

"अगं, पण स्वयंपाकघरात मीच असते."

"मग तू बाहेर बस."

खरंच बाहेर बसवलं मला. त्या संध्याकाळी समोरच्या घरी जाऊन ती सगळ्यांना सांगून आली, की आमचा खाऊ आईलासुद्धा माहीत नाही. तेवढं पुरलं. सात मुली आल्या, त्यांच्यामागे दोन आयाही. मी मुलींमध्ये मांडी घालून बसले. आत जाऊन डबे तपासायचा मोह मला झाला, हे कबूल करते. मी उठलेही होते, पण आईने दारातच अडवलं.

गाणी झाली. लेकीने गुलाबाईपुढचा डबा उचलला आणि एकेकीच्या कानाशी हलवला. टणक, खडखडीत आवाज. शेंगदाणे? नाही. फुटाणे? नाही. गोड आहे का? नाही. तिखट? नाही. मग माझ्याकडे आली. मला तो आवाज ओळखीचा वाटला, कुठेतरी लहानपणी ऐकलेला, पण कशाचा ते आठवेना. मी काजूपासून मक्यापर्यंत सगळं सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी ती मान हलवायची, आणि तिचे डोळे असे चमकलेले मी आमच्या अभ्यासाच्या टेबलाशी कधीच पाहिले नव्हते.

तेव्हा मला जाणवलं, की तीन वर्षांत मी तिला हजारो प्रश्न विचारले आणि त्या प्रत्येकाचं उत्तर मला आधीच माहीत होतं. ती चुकते की नाही एवढंच मी बघत होते. शाळा मी सोडवली होती, पण बाई तशाच घरी आणल्या होत्या.

"हरले म्हण," ती म्हणाली.

मुली बघत होत्या, त्या दोन आयाही बघत होत्या. याच बायकांसमोर मला काहीतरी सिद्ध करायचं होतं.

"हरले," मी म्हणाले. "मला नाही येत. तू सांग."

तिने झाकण काढलं. आत भाजलेले चिंचोके होते, शिरपूरला आमच्या अंगणात आई भाजायची तसेच. लेकीने पहिला चिंचोका माझ्या हातावर ठेवला आणि तो कसा फोडायचा ते मला शिकवायला बसली.