खिळ्यावरचं इष्टलिंग

अर्शिया आता मुदखेडकडच्या शाळांमधून मुलींसाठी काम करते. कुणाच्याही खोलीत शिरली की तिची नजर आधी भिंतीवरच्या खिळ्यांकडं जाते. ही सवय तिला लातूरला, आमच्या घरी लागली.

नांदेडला समाजकार्य शिकताना संशोधनासाठी ती आमच्या वरच्या मजल्यावर, पोरींना भाड्यानं दिलेल्या खोल्यांत राहायला आली. डॉक्टरीच्या क्लासला आलेल्या पोरी मनानं खचतात, ते वेळीच ओळखून कसं थांबवावं, हा तिचा विषय. आदल्या वर्षी गल्लीतलीच एक पोर जिवानिशी गेली होती. भाजी निवडताना अर्शिया मला विचारायची, पोरींना विचारते त्या प्रश्नांतून एखादी निसटली तर? मी म्हणायची, सिद्धेश्वर देव बघतो. त्यावर ती म्हणायची, माझ्या गाईडकडं पण बघ म्हणावं जरा.

तिच्या समोरच्या खोलीत सुकन्या होती. अहमदपूरच्या गुरुपादप्पा किराणावाल्यांची लेक. रोज अंघोळ झाली की गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच चहा. पोरी चिडवायच्या, महादेवाला पण बायोलॉजी शिकव गं. तीही हसायची. अर्शियाच्या सगळ्या प्रश्नांना तिनं हसतच सांगितलं होतं, बरंय.

पुढं चाचणीत घसरली. क्लासवाल्यांनी खालच्या बॅचमध्ये टाकलं. त्याच दिवशी दुपारी अर्शिया तिला जेवायला बोलवायला गेली आणि तशीच खाली आली.

"काकू, सुकन्यानं लिंग काढून खिळ्याला अडकवलंय."

अंघोळीला गेली असंल, मी म्हटलं.

"अंघोळीला पण काढत न्हाई ती."

भूकंपाच्या पहाटे अर्शिया सात वर्षांची होती. उदगीरला गल्लीतली सगळी माणसं मैदानात पळाली. कुणी पेटी उचलली, कुणी पोर. शेजारची शरणम्मा नुसता गळा चाचपत उभी होती. अर्शियानं विचारलं, काकू, काय हरवलं? ती म्हणाली, काही न्हाई गं, हे गळ्यात हाय म्हणजे मी हाय. जिवंतपणी हे काढायचं नसतं, दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नसतो, हे अर्शियाला तेव्हापासून ठाऊक.

आधी गच्चीवर गेलो. जिना चढताना माझ्या तोंडात देवाचं नाव येईना. गच्चीत वाळत घातलेले कपडे, बाकी कुणी न्हाई. कठड्यावरून खाली बघायची हिंमत मला झाली न्हाई. अर्शियानं बघितलं. मग न्हाई म्हणून मान हलवली. कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले जिलानीभाई म्हणाले, पोरगी स्टँडकडं गेली, हातात पिशवीबिशवी काही नव्हती. अर्शिया पळत वर जाऊन आली आणि आम्ही रिक्षा केली. वाटभर तिनं ओढणीचा बोळा मुठीत गच्च धरला होता.

स्टँडवर सुकन्या फलाटाच्या अगदी कडेला उभी होती. अहमदपूरची एसटी फलाटाकडं मागं मागं येत होती आणि कंडक्टर शिट्टी मारून तिला ओरडत होता, सरक म्हणून. ती सरकत नव्हती. अर्शियानं दंड धरून तिला मागं ओढलं आणि दोघी खाली बसल्या.

मग अर्शियानं ओढणीचा बोळा उलगडला.

"तू हात लावलास?" सुकन्यानं विचारलं.

"न्हाई. ओढणीतच धरून आणलंय."

"मी लायक न्हाई दीदी त्याच्या. म्हणून काढलं."

"त्यानं तुझी कधी चाचणी घेतली होती का?"

तेव्हा कुठं ती रडली. चांदीची डबी उचलून तिनं छातीशी धरली, पण मानेमागं हात जाईनात. "दीदी, तूच बांध," म्हणाली.

मी गुरुपादप्पांना फोन लावला. अर्शियानं दोऱ्याची गाठ मारली, ओढून बघितली, सोडली आणि पुन्हा मारली.