प्रत्येक बाटलीची आपली तारीख

अर्धे मटार सोलून झाले होते, अर्धे परातीत तसेच होते. थोरल्या जाऊबाईंनी रिकामे डबे ओळीने मांडले आणि सगळ्यांवर आजच्या तारखेच्या चिठ्ठ्या डकवून टाकल्या.

"ताई, यातले निम्मे तर उद्या भरणार!" धाकटी म्हणाली.

"असू दे ना. चिठ्ठ्यांची कटकट एकदाच मिटली."

"म्हणजे उद्याच्या मटारावर आजची तारीख?" धाकटी खळखळून हसली आणि हसता हसता थबकली. शेंग हातातच राहिली.

धाकटी प्रोग्राम लिहायची. कामाला वाघीण, पण नसती काळजी करण्यातही पहिला नंबर. इस्पितळातल्या दूधपेढीत आयांनी दिलेलं दूध गोठवून ठेवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजतात. तिथल्या नोंदींचा प्रोग्राम तिचाच. बाटलीचा एक साचा, त्याला ही मंडळी क्लास म्हणतात, आणि नवी बाटली आली की त्या साच्यातून तिची नोंद तयार होते. सिस्टरांनी दूध वापरायची शेवटची तारीख घातली नाही, तर ती प्रोग्रामने आपणहून मोजून घालायची. ते मोजणं धाकटीने साच्यातच लिहिलं होतं. आणि साचा वाचला जातो एकदाच, प्रोग्राम सुरू होताना. तारीखही एकदाच मोजली गेली होती. पुढच्या प्रत्येक बाटलीला तीच, थेट ताईंच्या डब्यांसारखी.

"ताई, एखाद्या बाळाच्या पोटात शिळं दूध गेलं असेल तर?"

"आधी फोन कर, मग रड," ताई म्हणाल्या आणि स्वतः मात्र देवापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

फोनवर सिस्टर शोधाशोध करत होत्या, तोवर धाकटी मनात हिशेब करत होती. प्रोग्राम सुरू झाल्यानंतर भरलेल्या बाटल्यांवर मुदत उलट लवकरची पडली होती, त्यांचा धोका नव्हता. भीती होती ती आधी भरून नंतर नोंदलेल्या बाटल्या असतील तर त्यांची; त्यांच्यावर मुदत उशिराची पडली असणार.

"त्या होय?" सिस्टर म्हणाल्या. "त्या तुमचा प्रोग्राम यायच्या आधीच संपल्या, नोंदायला उरल्याच नाहीत. बाळांना भूक लागते हो, ती काय तुमची वाट बघत बसतात?"

"आणि मुदत संपली म्हणून एखादी फेकलीत का?"

"एकही नाही."

धाकटीने फोन ठेवला. ताईंनी देवाला हात जोडले आणि तिच्या पाठीवर एक धपाटा घातला.

मग तिने संगणक उघडला. साच्यातली तारखेची जागा रिकामी ठेवली आणि मोजणी नवी बाटली नोंदली जाते त्या जागी नेली. आता जी बाटली ज्या दिवशी भरली, तिची मुदत त्याच दिवसापासून मोजली जाणार. दोन वेगळ्या दिवसांच्या बाटल्या नोंदून पाहिल्या. तारखा वेगळ्या आल्या.

ताईंनी रिकाम्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या.

"मटार मी बघते," त्या म्हणाल्या. "तू नीघ."

धाकटीने पायात चपला सरकवल्या. दूधपेढीत जाऊन बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायच्या होत्या.