रेखाच्या स्टिकचं पातं

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. आईला सांगितली नाही, नवऱ्याला नाही — आणि रेखाला तर नाहीच. आज तुमच्याजवळ बोलतेय. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

कुठून सुरू करू? स्टिकपासूनच करते.

आम्ही हॉकी खेळायचो तेव्हा स्टिक लाकडाच्या असायच्या, तुतीच्या. खालचं वळलेलं पातं — सगळा जीव त्याच्यात. पातं कडक असलं की बॉल सणकन सुटतो. ओल धरली की ते मऊ पडतं, बॉल खातं, आणि मग कधी फुटेल सांगता येत नाही. म्हणून खेळून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचं, उन्हात टाकायचं नाही, अधूनमधून अळशीचं तेल चोळायचं. हे मला बाबांनी शिकवलं. स्वतः कधी हॉकी खेळले नव्हते ते. गिरणी बंद पडल्यावर रे रोडला लाकडाच्या वखारीत लागले आणि तिथे लाकूड शिकले. करी रोडच्या आमच्या खोलीत स्टिक घेऊन बसायचे, पातं फरशीवर हलकेच आपटायचे आणि कान देऊन ऐकायचे. खणखणीत वाजलं की मान डोलवायचे. परळच्या आमच्या शाळेची अर्धी टीम त्यांच्याकडे स्टिक घेऊन यायची. चाळीतली माणसं हसायची — मुली आणि हॉकी! बाबा हसले नाहीत कधी.

रेखा आमच्याच मजल्यावर राहायची. तिला वडील नव्हते. माझ्याच वर्गात, माझ्याच टीममध्ये, आणि सेंटर हाफला — माझ्याच जागेवर. ती माझ्याहून चांगली खेळायची. किती चांगली? खूप. हे सांगतानासुद्धा मला अजून लागतं, बघा.

मुंबईच्या ज्युनियर संघाची निवड होती. आमच्या दोघींपैकी एकीलाच जागा मिळणार, हे खेळाच्या सरांनी सांगून टाकलेलं. आठवडाभर आधी रेखाच्या पात्याला चीर गेली. नवी स्टिक घेण्याची तिच्या घरी सोय नव्हती. बाबांनी ती स्टिक घेतली, चिरेत लाकूड जोडायचा सरस भरला, वरून दोरा आवळून बांधला, आणि खिडकीशी टांगून ठेवली. चार दिवस कुणी हात लावायचा नाही म्हणाले. जाता-येता स्वतः मात्र बोटाने चाचपून बघायचे. माझी स्टिक त्यांनी इतकी जपली होती का? जपली होती, हो. तेव्हा मला तसं वाटलं नाही, एवढंच.

निवडीच्या आदल्या दुपारी मी घरात एकटी होते. आई बाजारात, बाबा वखारीत.

मी ती स्टिक खाली काढली आणि पात्याकडून पाण्याच्या पिंपात उभी केली.

सरस पाण्यात सुटतो. हे मला माहीत होतं — बाबांनीच सांगितलेलं. तीन तास ठेवली. मध्ये एकदा जाऊन बघितलं, दोरा फुगलेला दिसला. काढावीशी वाटली का? वाटली. काढली नाही. मग आई यायच्या आधी पुसली, ओल दिसू नये म्हणून वरून तेल चोळलं, आणि परत टांगली.

संध्याकाळी बाबा आले. हातपाय धुवायच्या आधी त्यांनी स्टिक घेतली, फरशीवर आपटली. आवाज भद्द आला. पुन्हा आपटली. मग माझ्याकडे बघून विचारलं,

"पाण्यात पडली काय गो ही?"

"नाही बाबा."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!"

थोडा वेळ ते पात्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग स्वतःशीच म्हणाले, नव्या दोऱ्यामुळे वाजत नसेल. म्हणजे — बघा — त्यांनी स्वतःच्या कानापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी रेखाने पहिला जोराचा फटका मारला आणि पात्याची दोन शकलं झाली. हातात उरलेल्या दांड्याकडे ती बघतच राहिली. कुणीतरी आपली स्टिक दिली, पण ती तिला उंच होत होती. रेखाला खेळताच आलं नाही. निवड माझी झाली. पुढच्या वर्षी ती वयात बसली नाही. तिने खेळ सोडला. मीही दोन वर्षांत सोडला — मग काय मिळवलं मी?

पण खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

त्या संध्याकाळी बाबा तुटलेलं पातं घेऊन रेखाच्या दारात गेले. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांनी तिच्या आईला हात जोडले. म्हणाले, "वहिनी, माझो हात चुकलो." मिलच्या संपातही कुणापुढे न वाकलेला माणूस. रेखाची आई रडत होती आणि त्यांनाच समजावत होती. मी काय केलं? मी खाली बघत उभी राहिले.

बाबांनी त्यानंतर एकही स्टिक हातात घेतली नाही. मुली यायच्या, त्यांना म्हणायचे, दुसरीकडे न्या. वखारीतसुद्धा एखादा सांधा बसवला की शेजारच्या माणसाला म्हणायचे, तू जरा बघ रे. लाकडाची ज्याला इतकी जाण, त्याला स्वतःच्या हाताची खात्री वाटेनाशी झाली. अशी वीसेक वर्षं गेली. लग्न होईपर्यंत रोज संध्याकाळी मी त्यांना चहा करून द्यायचे. रोज सांगता आलं असतं.

चार वर्षांपूर्वी ते इस्पितळात होते, शेवटचे दिवस होते. रेखा भेटायला आली. त्यांनी तिला लगेच ओळखलं, तिचा हात धरला. म्हणाले, "तुझ्या स्टिकीचां वाटोळां माझ्या हातान झालां गो."

"काका, किती वर्षं झाली! मी विसरलेसुद्धा," रेखा म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

मी कॉटच्या पलीकडे मोसंबी सोलत होते. दोघंही समोर होते. ऐकणारे दोघंही. मी सालं गोळा केली आणि टाकायला बाहेर गेले.

तीन दिवसांनी बाबा गेले.

त्यांचा हात चुकला नव्हता. पातं मी भिजवलं. विचारलं तेव्हा खोटं बोलले. आणि मी त्यांना मरेपर्यंत माफी मागू दिली.