फार्मसीबाहेरचं तापमान

अबुधाबीच्या मुसफ्फा भागातल्या दुकानांच्या डिजिटल बोर्डांवर काय दिसावं, हे ठरवायची माझी नोकरी. सलूनवाल्याची ईदची ऑफर, टायरवाल्याचे फोटो, बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, नुकतेच आलेले आंबे, सगळं माझ्या कॉम्प्युटरवरून त्या त्या दुकानाच्या दारावर जायचं. थंडीच्या दिवसांत या कामात मजा होती. जून लागला की बोर्ड उन्हाने तापायचे, आधी फिके पडायचे आणि मग जळू नयेत म्हणून आपोआप बंद व्हायचे. लगेच दुकानदारांचे फोन. "मॅडम, स्क्रीन काला हो गया." मी सांगायची, थंड झाला की येईल. "कब थंडा होगा?" या प्रश्नाला संध्याकाळ सोडून दुसरं उत्तर नव्हतं.

नवरा रुवैसला होता, बसने काही तासांच्या अंतरावर. रिफायनरीत देखभालीची कामं घेणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत सुपरवायझर. आठवडाभर तिथल्या कॅम्पमध्ये राहायचा, शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचा. प्लांटच्या आत मोबाइल नेता येत नाही. सकाळी फोन लॉकरमध्ये गेला की संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याची सवय झाली होती, निदान मला तसं वाटत होतं.

त्या उन्हाळ्यात एका फार्मसीचा बोर्ड सारखा बंद पडायला लागला, म्हणून आमच्या टेक्निशियनने बोर्डाच्या मागे एक छोटा सेन्सर बसवला. बाहेर किती तापतंय ते कळावं, एवढाच हेतू. फार्मसीचे मालक केरळातल्या पालक्काडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, शांत गृहस्थ. त्यांनी माझ्या लॅपटॉपवर तो आकडा पाहिला आणि खूश झाले.

"मॅडम, ये टेंपरेचर भी बोर्ड पे डालो ना. लोग रुकेंगे, देखेंगे."

मी टाकलं. लोक खरंच थांबायला लागले. समोरच कामगारांच्या बसचा थांबा होता. हेल्मेट काखेत धरून माणसं बोर्डाकडे बघायची, मोबाइल काढून फोटो घ्यायची. दुपारी तिथे चोपन्न दिसायचं.

मी एअर कंडिशनरमध्ये बसून तोच आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात बघायची आणि माझं कामातलं लक्ष उडायचं. इथे चोपन्न, तर तिथे किती असेल? लोखंडी टाक्यांजवळ? मी उठायची, पाणी प्यायची, परत येऊन बसायची, परत कोपऱ्यात बघायची. सलूनच्या ऑफरचं स्पेलिंग चुकायचं. संध्याकाळी त्याचा फोन आला की पहिलं वाक्य हेच, "आज किती होतं रे तिकडे?"

"अगं, इथे समुद्र आहे. वारा असतो," तो म्हणायचा.

"घामाने भिजला होतास का?"

"खलास, पुरे आता! जेवलीस का ते सांग."

मुलगी शेजारच्या खोलीतून ओरडायची, "ममा, ही इज फाइन! स्टॉप आस्किंग हिम!"

एक दिवस आमच्या बॉसने मला केबिनमध्ये बोलावलं. कुणीतरी तक्रार केली होती. मोबाइलवर पंचेचाळीस दिसतं आणि आपल्या बोर्डावर चोपन्न, हा काय प्रकार आहे? "लोक म्हणतील यांच्या मशीनवर भरवसा नाही. आजच दुरुस्त करा. यल्ला, चला लवकर." तो बरोबरच बोलत होता. सेन्सर तापलेल्या पत्र्याला चिकटून होता, त्यामुळे हवेबरोबर पत्र्याचीही उष्णता मोजत होता. टेक्निशियनने तो काढून फार्मसीच्या छपराखाली सावलीत लावला. आकडा हळूहळू उतरत शेहेचाळीसवर येऊन थांबला.

मी बाहेर उभी राहून ते तपासत होते, मराठीत फोनवर बोलत होते, तेव्हा थांब्यावरचा एक माणूस जवळ आला. चिपळूणकडचा, इमारतींच्या परांच्या बांधायच्या कामावर होता.

"ताई, तुम्ही आपल्याकडच्या? ह्या बोर्डाचं काय झालं? एकदम खाली उतरला."

मी समजावलं की तापमान नेहमी सावलीत मोजतात. आधीचा आकडा चुकीचा होता.

तो कसनुसा हसला. "माझा घोटाळा झाला की हो. धाकटा भाऊ इकडे यायचं म्हणतोय. ऐकतच नाही. म्हणून मी रोज ह्या बोर्डाचा फोटो त्याला पाठवत होतो. घाबरेल आणि गप्प तिथेच राहील. आता हा फोटो गेला तर म्हणेल, बघ दादा, थंड झालं."

"मग जुनेच फोटो पाठवा."

"तेच करतो," तो म्हणाला आणि बस आली म्हणून पळाला.

मला वाटलं होतं, आकडा उतरला की माझा जीवही थोडा शांत होईल. तसं काही झालं नाही. आता शेहेचाळीस बघितलं की त्यात पत्र्याचे आठ मिळवायचे, असं डोक्यात बसलं होतं.

पुढच्या आठवड्यात नवऱ्याने सांगितलं की ओव्हरटाइम आहे, या शुक्रवारी येत नाही. ठीक आहे म्हटलं. पण सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा फोन आला. मी ऑफिसात होते. तो सहज बोलत होता, मुलीच्या शाळेचं विचारत होता. मी हो-नाही करत होते आणि एकीकडे मनात काहीतरी टोचत होतं. या वेळेला फोन लॉकरमध्ये असतो.

"तू आत्ता फोन कसा केलास?"

"ब्रेक आहे."

"ब्रेकमध्ये तू कधीच बाहेर येत नाहीस. व्हिडिओ लाव बघू."

"नेटवर्क नाहीये इथे."

नेटवर्क नव्हतं, तर माणूस बोलत कशावर होता? मी फोन ठेवला आणि मग दिवसभर एका जागी बसता येईना. संध्याकाळी पुन्हा व्हिडिओ कॉल केला, त्याने घेतला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला, दमलोय, झोपतो. दुसऱ्या दिवशी मुलीला शेजारच्या काकूंकडे सोपवलं, ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं आणि रुवैसची बस पकडली.

तो रस्ता मी आधीही पाहिला होता, पण त्या दिवशी तो सरता सरेना. दोन्ही बाजूंना पांढरी वाळू, मध्येच विजेचे खांब, मध्येच एखादा उंटांचा कळप कुंपणापलीकडे. शेजारची फिलिपिनो बाई मला बिस्किटं देत होती. मी घेतली आणि हातातच धरून बसले. मनात वेगवेगळी चित्रं येत होती. एकदा वाटलं, नोकरी गेली असेल. एकदा वाटलं, पाय मोडला असेल. एकदा तर त्याहूनही वाईट काहीतरी मनात आलं, आणि मग तो फोनवरचा आवाज आठवून मी स्वतःला सावरलं.

कॅम्पमध्ये बायकांना आत सोडत नाहीत. गेटजवळच्या छोट्या खोलीत बसवून वॉचमनने आत निरोप पाठवला. नवरा आला तो स्लीपरमध्ये, खोलीतल्या मित्राच्या खांद्यावर हात ठेवून. चेहरा उतरलेला, ओठ फुटलेले, हातावर सुईचा काळानिळा डाग. मला बघून त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, लपायला जागा शोधावी तसं.

"तू कशी काय आलीस?"

मित्रच बोलला, "वहिनी, काळजी करू नका. गुरुवारी सकाळी टाकीजवळ चक्कर येऊन पडला. घाम यायचाच थांबला होता. वेळेवर उचलला आम्ही. क्लिनिकमध्ये ठेवून सलाईन लावलं, काल सोडलं, तेव्हापासून इथे आराम करतोय." आणि आमच्या दोघांचे चेहरे बघून तो पाणी आणायचं निमित्त काढून निघून गेला.

मी त्याच्याकडे वळले. "गुरुवारपासून? आणि मला ओव्हरटाइम सांगतोस?"

तो म्हणाला, "सांगून काय झालं असतं? तू तिथे बसून आधीच आकडे बघत असतेस. रोज संध्याकाळी मला हवामान विचारतेस. मला काही झालं हे तुला सांगायचीच भीती वाटायला लागली होती."

मला रडू आलं, तेही त्या वॉचमनसमोर. नवऱ्याने खिशातून चुरगळलेला टिश्यू काढून दिला. नंतर आम्ही दोघांनी मिळून माझ्या हातातली ती बिस्किटं खाल्ली. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

त्याला घेऊनच मी परत आले. इथल्या डॉक्टरांनी काही आठवडे उन्हात काम नको असं लिहून दिलं. कंपनीने त्याला तोवर ऑफिसात बसवायचं कबूल केलं.

मी कामावर गेल्यावर फार्मसीच्या मालकांनी, दोन दिवस कुठे होतात, म्हणून विचारलं. मी सांगितलं. ते काउंटरमागून बाहेर आले.

"टेंपरेचर निकाल दो मॅडम. दूसरा लिखो. चक्कर आ रहा है, पसीना बंद हो गया, तो अंदर आके बैठो. एसी है, पानी है. दवाई लेना ज़रूरी नहीं."

आम्ही ते पाच भाषांत लिहिलं. मराठी ओळ मीच लिहिली, 'चक्कर येतेय? आत या, बसा, पाणी घ्या.' पहिल्याच दुपारी ऊन चढलं आणि बोर्ड नेहमीसारखा काळा झाला. नेमकी ज्या वेळेला ती ओळ दिसायला हवी, त्याच वेळेला! मी बॉसकडे जाऊन बोर्डासाठी मोठा पंखा आणि छज्जा मागितला. तो म्हणाला, इन्शाल्ला, पुढच्या सीझनला. तोवर मी तीच ओळ पाच भाषांत साध्या कागदावर छापली आणि काचेच्या दारावर चिकटवली. मालकांनी आत भिंतीलगत एक बाक टाकला.

त्या उन्हाळ्यात त्या बाकावर बरीच माणसं बसून गेली. चिपळूणवाले दादाही एकदा बसले. भाऊ येऊन पोचला होता म्हणे, अजमानला, गोदामात काम मिळालं होतं. सांगताना त्यांना राग आला होता की आनंद झाला होता, मला कळलं नाही.

नवरा ऑफिसच्या खुर्चीत फार दिवस टिकला नाही. परमिटच्या कागदांवर सह्या करून त्याला कंटाळा यायचा, घरी येऊन उगाच खोल्यांतून फेऱ्या मारायचा, मुलीशी भांडायचा. ऑक्टोबरमध्ये त्याने स्वतःहून साइटवर परत जायचं मागितलं. मी नको म्हटलं. तो म्हणाला, "आता हवा बरी आहे." तेही खरं होतं.

तो गेला त्या दिवशी आम्ही एक गोष्ट ठरवली. मी हवामान विचारायचं नाही आणि त्याने काही लपवायचं नाही. तो त्याची बाजू पाळतो असं मी धरून चालते. मी माझी बहुतेक दिवस पाळते. संध्याकाळी फोन वाजला की आधी त्याचा आवाज ऐकते, मग भाजी काय केली ते सांगते, आणि मधल्या वेळात तो श्वास कसा घेतोय याकडे माझे कान असतात.